रोमन लोकांची लाल चकचकीत भांडी : थोडी पार्श्वभूमी

म्युझियममध्ये रोमन विभागात ते लाल चकचकीत वाडगे दिसले की आपण ग्लेझ्ड म्हणून मोकळे होतो, पण त्यावर काचेसारखी झिलई नसतेच मुळी. माती पाण्यात कालवून जाड गाळ खाली बसू द्यायचा, वरच्या बारीक मातीच्या पाण्यात भांडं बुडवायचं आणि भट्टीतला धूर लागू न देता भाजायचं, मग तो रंग येतो. याला टेरा सिगिलाटा म्हणतात. शिशाची खरी झिलई पण होती, हिरवी-पिवळी, इ.स.पू. पहिल्या शतकात आजच्या तुर्कस्तानात तार्सस वगैरे भागात सुरू झाली, पण तशी भांडी त्यामानाने कमीच.

दोन्हीमागे हौस एकच, चांदीची भांडी परवडत नाहीत तर निदान तसं दिसणारं काहीतरी असावं. झिलईच्या कपांचे कानसुद्धा चांदीच्या कपासारखेच केलेत!

लाल भांड्यांचं आधी नाव झालं ते इटलीतल्या अरेत्सोचं, तळाला कारखानदाराचा शिक्का, कधी त्याच्या गुलाम कारागिराचं नाव. मग इ.स. पहिल्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या ला ग्रॉफेसांकनं मार्केट खाल्लं. तिथे बरेच कुंभार मिळून एकच भट्टी लावायचे, म्हणून कुणाची किती भांडी आत गेली ते एका ताटलीवरच कोरून ठेवायचे, आणि काही याद्यांची बेरीज 25,000 च्या वर जाते. गॉलिश, म्हणजे गॉलमधल्या (तेव्हाच्या फ्रान्समधल्या) लोकांच्या भाषेतले पहिला, दुसरा, तिसरा हे शब्द आपल्याला कळले ते मुख्यतः या हिशेबांमुळे, मला तर हे फार भारी वाटतं.

पाँपेईत 1881 साली एका घरात न उघडलेलं खोकं सापडलं, आत 37 दिवे आणि गॉलचे 90 वाडगे. म्हणजे इ.स. 79 मध्ये, ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं तेव्हा, इटलीतलंच गाव बाहेरून माल मागवत होतं. पुद्दुचेरीजवळ अरिकामेडूला तर अरेत्सोच्या भांड्यांच्या तुकड्यांवरूनच पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरनी 1945 मध्ये त्या जागेचा काळ ठरवला.

पण सगळ्यात जवळची वाटतात ती सैनिकांच्या छावणीतली भांडी. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेतात ना, तसंच तळाला टोकदार कशानंतरी नाव ओरबाडलेलं. फुटलं तर कडेला भोकं पाडून शिशाचे टाके घालून जोडलेलं. एका खोलीत आठ-आठ जण, वाडगे सगळ्यांचे लालच, मग नाव नको का?