ऱ्हस्व व दीर्घ स्वर, इंग्रजीतील

इंग्रजी स्वरांचे परंपरागत द्विविध वर्गीकरण. वाचनशिक्षणात ज्या स्वराचा उच्चार वर्णाच्या नावासारखा (ए, ई, आय, ओ, यू) तो दीर्घ, आणि ‘कॅट’, ‘बेड’, ‘सिट’, ‘हॉट’, ‘कप’ यांतील स्वर ऱ्हस्व मानले जातात. ध्वनिविज्ञानाची विभागणी निराळी आहे. तीत ‘नेम’ व ‘टाइम’ यांतील स्वर संयुक्त (दोन स्वर मिळून झालेले) ठरतात, तर वाचनशिक्षणाच्या यादीत नसलेला ‘फादर’मधील आ दीर्घ ठरतो. ही तफावत इतिहासातून आली आहे.

प्राचीन इंग्रजीत भेद प्रामुख्याने कालावधीचा होता. ‘देव’ व ‘चांगला’ या अर्थांचे शब्द हस्तलिखितांत बहुधा सारखेच लिहिले जात. फरक फक्त ओकाराच्या लांबीचा. बाराव्या शतकात ओर्म या धर्मगुरूने ऱ्हस्व स्वरानंतरचे व्यंजन दोनदा लिहिण्याची स्वतःची पद्धत चिकाटीने पाळली. स्वरलांबीचा हा मोलाचा लेखी पुरावा. तेराव्या शतकाच्या सुमारास स्वरान्त अक्षरांतील काही ऱ्हस्व स्वर दीर्घ झाले. ‘नेम’चे पूर्वरूप द्व्यक्षरी होते. त्यातील अन्त्य स्वर पुढे गळला, लेखनात मात्र राहिला आणि आधीच्या स्वराची दीर्घता दाखवू लागला. इंग्रज शिक्षक रिचर्ड मुलकास्टरने १५८२ मध्ये या वापराला नियमाचे रूप दिले.

सु. १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर उच्चारस्थानाच्या दृष्टीने वर सरकले, म्हणजे जीभ अधिक उंच ठेवून उच्चारले जाऊ लागले. सर्वांत वरचे ई आणि ऊ संयुक्त बनले. या बदलाला ‘स्वरांचे महास्थित्यंतर’ हे नाव डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सनने दिले. सुरुवात कोठून झाली, हा जुना वाद आहे. येस्पर्सनच्या मते ई व ऊ आधी हलले आणि मोकळ्या झालेल्या जागी खालचे स्वर ओढले गेले. ऑस्ट्रियन भाषाशास्त्रज्ञ कार्ल लुइकने उलट मांडणी केली: ए व ओ यांनी वर चढताना ई व ऊ यांना ढकलले. त्याचा आधार उत्तर इंग्लंडमधील बोलींचा. तेथे ओचा उच्चार आधीच तोंडाच्या पुढील भागाकडे सरकला होता, त्यामुळे ऊ ढकलला गेला नाही आणि ‘हाउस’चा उच्चार ‘हूस’ असाच राहिला. निदान ऊच्या बाबतीत हा पुरावा अधिक वजनदार वाटतो. इंग्रज लेखनसुधारक जॉन हार्टच्या १५६९ मधील ध्वनिलेखनात जुना ई संयुक्त झालेला दिसतो, म्हणजे वरच्या स्वरांचा बदल तोवर बराच पुढे गेला असावा. खालच्या स्वरांचे बदल नंतरचे व बरेचसे स्वतंत्र असावेत, असेही एक मत आहे. ‘ग्रेट’, ‘ब्रेक’ व ‘स्टेक’ हे शब्द सर्वसाधारण ईकारात का गेले नाहीत, याचा सर्वमान्य उलगडा नाही. ऱ्हस्व स्वर तुलनेने स्थिर राहिल्याने ‘डिव्हाइन–डिव्हिनिटी’, ‘सेन–सॅनिटी’ अशा विजोड जोड्या उरल्या.

आधुनिक प्रमाण ब्रिटिश उच्चारात कालावधी परिसरानुसार बदलतो. अघोष (प, ट, क यांसारख्या) व्यंजनापूर्वी स्वर आखडतो. ‘बीट’मधील दीर्घ स्वर ‘बिड’मधील ऱ्हस्व स्वराइतकाच आखूड होऊ शकतो. तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण जिभेची ठेवण वेगळी असते. ब्रिटिश ध्वनिवैज्ञानिक गिम्सनच्या ध्वनिलेखनात म्हणूनच लांबीच्या खुणेबरोबर चिन्हही वेगळे असते. स्कॉटिश इंग्रजीत लांबी भाषाशास्त्रज्ञ एटकनने मांडलेल्या नियमानुसार, म्हणजे पुढचा ध्वनी व शब्दाची घडण यांवरून, ठरते. ‘भरती-ओहोटी’ (tide) व ‘बांधलेला’ (tied) या अर्थांचे, इतरत्र समोच्चारित असलेले शब्द तेथे वेगळे ऐकू येतात.