जस्ताचा तुकडा आणि खाडीचं पाणी

बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा पाय पाण्यात बुडालेला असतो. त्याचं घर ॲल्युमिनियमचं, पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, दांडा स्टेनलेस स्टीलचा, पंखा कधी ॲल्युमिनियमचा तर कधी स्टीलचा. बोट जेटीला बांधली, इंजिन बंद केलं, बॅटरीचा स्विच बंद केला, मालक घरी गेला. तरी त्या पायात वीज वाहतच असते. ती कुठून येते हे उमगलं की स्वतःची बोट स्वतः सांभाळण्याचं अर्धं काम उमगलं. उरलेलं अर्धं कोकणातल्या पाण्याचं आहे, आणि त्याबद्दल इंजिनासोबत येणाऱ्या पुस्तिकेत फारसं काही लिहिलेलं नसतं.

दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून खाऱ्या पाण्यात बुडवले की विद्युतघट, म्हणजे एक छोटी बॅटरीच, तयार होते. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने 1800 साली हेच दाखवलं होतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते विजेचं चांगलं वाहक आहे. अशा पाण्यात प्रत्येक धातूची इलेक्ट्रॉन सोडण्याची ओढ कमीजास्त असते आणि ती व्होल्टमध्ये मोजता येते. तुलनेसाठी चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड धरला तर जस्त उणे 1 व्होल्टच्या आसपास, बोटीतले ॲल्युमिनियमचे मिश्रधातू त्याहून थोडे वर, ब्राँझ उणे 0.3 च्या जवळपास आणि धडधाकट स्टेनलेस स्टील शून्याच्या जवळ. जो जास्त उणे तो झिजतो, दुसरा शाबूत राहतो. स्टीलचा दांडा आणि ॲल्युमिनियमचं घर यांच्यात झिजायचं ते घरानेच. रंगाखाली फोड येतात, ते फुटले की आत पांढरी भुकटी दिसते. ती भुकटी म्हणजे कालपर्यंत इंजिनाचा भाग असलेलं ॲल्युमिनियम.

झीज थांबवता येत नाही, पण ती कोणाच्या वाट्याला जावी हे ठरवता येतं. म्हणून पायावर, पंख्याच्या वर आणि इंजिनाच्या ब्रॅकेटवर ॲल्युमिनियमपेक्षाही जास्त उणे असलेल्या धातूचे तुकडे स्क्रूने बसवलेले असतात. त्यांना ॲनोड म्हणतात. जेटीवर सरसकट ‘झिंक’ म्हणतात, मग ते कशाचेही असोत. किती झिजेल याचा हिशेब फॅरडेच्या नियमाने मांडता येतो: जितकी वीज वाहते तितका धातू विरघळतो. एक किलो जस्त सुमारे 780 अँपिअर-तास पुरतं. विजेचा प्रवाह फक्त 100 मिलिअँपिअरचा असला, तरी वर्षाला 876 अँपिअर-तास होतात. म्हणजे वर्षभरात किलोभराहून जास्त जस्त पाण्यात गेलं. अर्धा ॲनोड झिजला की बदलायचा, हा नियम मी पाळण्यासारखा मानतो.

बदलताना तीन गोष्टींकडे लक्ष हवं. ॲनोडवर रंग लावायचा नाही, कारण रंगाखालचं जस्त पाण्यापर्यंत पोचत नाही. तो बसतो ती जागा धातू चमकेपर्यंत घासायची. आणि बसवल्यावर मल्टीमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) ओहमवर, म्हणजे रोध मोजण्यावर, ठेवून एक टोक ॲनोडला, दुसरं पायाच्या उघड्या धातूला लावायचं. वाचन एक ओहमच्या आत, शक्यतो शून्याजवळ यायला हवं. ते आलं नाही तर मधे रंग किंवा गंज आहे आणि तो ॲनोड नुसता शोभेचा आहे.

आता आपल्या खाड्यांकडे येऊ. जस्त हा खाऱ्या पाण्यातला भिडू आहे. पाणी गोडं होऊ लागलं की त्याच्यावर ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचा घट्ट पांढरा थर चढतो आणि त्याचं काम थांबतं. कोकणात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैत कर्ली, शास्त्री, सावित्री या नद्यांच्या खाड्या मचूळ होतात, ओहोटीला तर वरचा थर जवळजवळ गोडाच असतो. वाशिष्ठीची गोष्ट आणखी वेगळी. कोयनेच्या वीजघरांतून निघणारं पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरून तिच्यात येतं, त्यामुळे चिपळूणच्या बाजूला खाडीचं डोकं उन्हाळ्यातही खारं होत नाही. दाभोळच्या मुखाशी ठेवलेली बोट आणि चिपळूणजवळ गोवळकोटला ठेवलेली बोट एकाच खाडीत असल्या तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या पाण्यांत आहेत.

आणि इथेच माणूस फसतो. ॲनोड काढून बघावा तर जवळजवळ नवा! मालक खूश, की झीज नाही. खरं तर जस्त झोपलेलं असतं आणि झीज इंजिनाच्या पायाची चालू असते. खाडीत राहणाऱ्या बोटीला ॲल्युमिनियमचे ॲनोड लावावेत असं माझं स्पष्ट मत आहे. हे साधं ॲल्युमिनियम नसतं. त्यात थोडं जस्त आणि इंडियम नावाचा धातू किंचित मिसळलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर संरक्षक थर टिकत नाही आणि ते खाऱ्या व मचूळ दोन्ही पाण्यांत काम करत राहतं. शिवाय किलोला सुमारे 2500 अँपिअर-तास देतं, जस्ताच्या तिपटीहून जास्त. मॅग्नेशियम मात्र निव्वळ गोड्या पाण्यातच लावावं. समुद्रात ते झपाट्याने विरघळतं आणि वाढीव विद्युतदाबाने पायाचा रंगही सोलून काढतं. एका बोटीवर एकाच धातूचे ॲनोड हवेत.

जस्ताचे जुने तुकडे वितळवून घरी ॲनोड ओतायचा मोह आवरावा. जस्तात लोखंड मिसळलं की तोच झोपेचा रोग समुद्रातही जडतो. चांगल्या ॲनोडमध्ये लोखंड 0.005 टक्क्यांहून, म्हणजे लाखात पाच भागांहून कमी असावं लागतं. लोखंडी भांड्यात वितळवलेल्या जस्ताला ही मर्यादा पाळता येणार नाही.

या सगळ्याचा उगम एका सुंदर अपयशात आहे. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि ते खाऱ्या पाण्यात झिजत. 1824 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने तांब्याला लोखंड किंवा जस्त जोडून ती झीज थांबवून दाखवली. ‘समारंग’ नावाच्या, आपल्याच किनाऱ्यावर कोचीनला बांधलेल्या जहाजावर ही युक्ती लावली गेली. तांबं खरोखर शाबूत राहिलं. पण पत्र्यांवर बार्नाकल नावाचे चिकटून राहणारे कवचधारी जीव आणि शेवाळ माजलं, कारण झिजणाऱ्या तांब्यातून सुटणारे विद्युतभारित कण, म्हणजे आयनच तर त्या जिवांना दूर ठेवत होते. झीज थांबली तशी विषाची धारही थांबली.

बार्नाकल शिंपल्यांचे भाऊबंद वाटले तरी ते कोळंबी-खेकड्यांच्या कुळातले. त्यांची पोहणारी पिल्लं जागा शोधत फिरतात, पसंत पडली की डोक्याच्या बाजूने चिकटतात आणि भोवती चुन्याचं घर बांधतात. चार्ल्स डार्विनने 1846 पासून 1854 पर्यंत याच प्राण्यांचा अभ्यास केला होता. ते अजूनही तांब्यालाच घाबरतात. म्हणून बोटीच्या बुडाला लावायच्या बहुतेक रंगांत क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचं संयुग असतं. मधल्या काळात ट्रायब्यूटिल टिन या कथिलाच्या विषारी संयुगाचे रंग आले. ते जबर परिणामकारक होते, पण कालवांची शिंपलं वेडीवाकडी होऊ लागली, गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव येऊ लागले, आणि 2008 पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्यांच्यावर बंदी आली. कालवांवर ज्यांची चूल पेटते अशी घरं आपल्या खाड्यांकाठी आहेत. ही बंदी आपल्यासाठीही मोलाची आहे.

तांब्याचा रंग फायबरच्या बुडाला चालतो. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पायाला तो थेट कधीही लावू नये, कारण तांबं आणि ॲल्युमिनियम म्हणजे पुन्हा तोच घट. पायासाठी तांबं नसलेला रंग घ्यावा. आणि बार्नाकल खरवडायचे तर बोट वर काढल्याबरोबर, ओली असतानाच. एकदा वाळले की घाम काढतात.

ॲनोड पाण्यात बुडालेल्या भागालाच वाचवतो. इंजिनाच्या टोपाखाली, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटांत, वायरींच्या टोकांवर त्याचा काही उपयोग नाही. तिथे मीठ असतं. समुद्राच्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. पहिलं हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढतं, दुसरं 33 टक्क्यांनाच. आगरातलं खडे मीठ बरणीत चिघळतं ते यामुळेच. कोकणच्या किनाऱ्यावर हवा 33 टक्क्यांच्या खाली क्वचितच जाते. थोडक्यात, बोटीवर उरलेलं मीठ सहसा पुरतं वाळतच नाही आणि कोरड्या फडक्याने पुसून काही साधत नाही. गोड्या पाण्यानेच धुवायला हवं, तेही फेरी संपल्याबरोबर, खडे धरण्याआधी.

इंजिन आतून धुण्यासाठी पाण्याच्या जाळ्यांवर बसणाऱ्या रबरी वाट्या मिळतात. त्यांना नळी जोडायची, आधी पाणी सोडायचं, मगच इंजिन सुरू करायचं, न्यूट्रलमध्ये, पंख्याजवळ कोणी नसताना. दहाएक मिनिटं चालू द्यावं, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी झडप) उघडून सगळ्या वाटांत पाणी फिरतं. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, तेव्हा जिभेवर चाखून बघा. इंजिनामागून पिचकारीसारखी धार पडत राहिली पाहिजे. ती बारीक झाली तर एक तर भोक वाळूने बुजलंय किंवा पंपातलं रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, गेलंय. पाण्याशिवाय इंजिन काही सेकंद चाललं तरी इंपेलरची पाती करपतात. सुटा भाग फार महाग नाही, वर्षातून एकदा बदलून टाकावा.

आतापर्यंत बोललो ती वीज व्होल्टच्या काही दशांशांची. बोटीची बॅटरी 12 व्होल्टची असते. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटात साचणाऱ्या पाण्यात, पंपाची सोललेली वायर बुडाली की तो सगळा दाब धातूंवर येतो आणि वर्षाची झीज काही दिवसांत उरकते. ॲनोड नेहमीपेक्षा फार लवकर संपत असेल तर मी आधी वायरी बघेन. सगळं बंद करून बॅटरीची धन वायर सोडवा आणि तिच्या व बॅटरीच्या मधे मल्टीमीटर मिलिअँपिअरवर लावा. काहीही चालू नसताना वाचन शून्य यायला हवं. वाचन दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या वाटेवर गळती आहे. नवी वायर घालताना कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घ्या. साध्या तांब्यात खारं पाणी केशाकर्षणाने आवरणाखाली फूटभर आत चढतं आणि वायर आतून काळी पडते.

मे संपत आला की बोटी ओढून वर घेतल्या जातात आणि शाकारल्या जातात. त्याआधी गिअरचं तेल बघायलाच हवं. खालचा स्क्रू उघडा, मग वरचा. तेल दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय, म्हणजे सील गेलंय. बहुतेक वेळा पंख्याच्या दांड्यावर गुरफटलेली मासेमारीची तंगूस त्याला कारण असते, म्हणून पंखा काढून दांडा तपासावा. नवं तेल खालच्या भोकातून वर चढवत भरायचं; वरून ओतलं तर हवा अडकते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घाला.

टाकीतलं पेट्रोलही काढून टाका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली वाफ शोषतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोक इंजिनात धोका मोठा, कारण मिसळलेलं वंगणतेल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं आणि इंजिनाला खालचं कोरडं मिश्रण मिळतं. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरा. दोन थर दिसले तर ते इंजिनात जाता कामा नये.

बॅटरी घरी आणा, पूर्ण चार्ज करा, पावसाळाभर महिन्याने एकदा व्होल्टमीटर लावा. तासनतास विसावलेली लेड-ॲसिड बॅटरी 12.6 व्होल्टच्या वर हवी, 12.4 च्या खाली आली की चार्जिंगला लावा, नाहीतर पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि ते मग सुटत नाहीत. बोट नाळेकडून थोडी उंच टेकवा, तळाचं बूच काढून ठेवा म्हणजे ताडपत्रीखाली शिरलेलं पावसाचं पाणी निघून जाईल. काढलेलं बूच दोरीने सुकाणूलाच बांधा. नारळी पौर्णिमेनंतर बोट उतरवायला येणारा माणूस कदाचित दुसराच असेल.