इंग्लिश सून-जावयाच्या घराण्याचा शोध : काम देण्याआधी हे वाचा

नमस्कार. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक म्हणजे इंग्लंडात स्थायिक झालेली मराठी मंडळी, नाहीतर मुलगा किंवा मुलगी तिकडे असलेले पुण्या-मुंबईचे आईबाबा. घरात सून किंवा जावई इंग्लिश असतो, आपल्या बाजूचं मूळ गाव, कुळ, कुलदैवत सगळं पाठ असतं, आणि व्याह्यांकडे विचारलं तर "आजोबांचे आजोबा सफकमध्ये शेतावर कामाला होते म्हणे" एवढ्यावर गाडी अडते. नातवंडांसाठी पुढचं शोधून द्या असं म्हणत लोक येतात. शोधून देतो, पण काय मिळतं आणि काय मिळत नाही हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे नंतर "एवढे पैसे घेतले आणि फक्त सातच पिढ्या?" असं व्हायला नको.

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात, तसंच काहीतरी तिकडच्या चर्चमध्ये असेल असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. थोडंफार तसं आहे, पण एक मोठा फरक आहे. उपाध्यायांच्या वहीत घरचाच माणूस समोर बसून बाप, आजा, भाऊ, मुलं सगळं सांगतो आणि ते एकत्र जोडूनच लिहिलं जातं. चर्चच्या रजिस्टरमध्ये कोणी काही जोडून ठेवलेलं नसतं. अमुक तारखेला अमक्याचा बाप्तिस्मा, तमक्याचं लग्न, तमक्याचं दफन, बस. जोडायचं काम आपलं, आणि सगळी चूक तिथेच होते.

सुरुवात आजपासून, मागे मागे

१ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद सुरू झाली, त्यामुळे तिथपर्यंतचा प्रवास बराच सोपा असतो. लग्नाच्या सर्टिफिकेटवर नवरा आणि नवरी दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. आयांची नावं मात्र थेट मे २०२१ मध्ये आली, म्हणजे पावणेदोनशे वर्षांपेक्षा जास्त काळ कोणाला त्याची गरज वाटली नाही! जन्माच्या सर्टिफिकेटवर आईचं माहेरचं आडनाव असतं म्हणून निभावतं.

मग सेन्सस. १८४१ चा सेन्सस नावानिशी आहे पण त्यात पंधरा वर्षांवरच्या लोकांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची सूचना होती, म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा दिसतो, आणि जन्मगाव नाही, फक्त याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) जन्मला की नाही एवढंच. १८५१ मध्ये कुठल्या पॅरिशमध्ये, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतल्या गावात, जन्म झाला ते लिहिलंय. म्हणून तुमच्या घराण्यातला १७८०-९० च्या सुमारास जन्मलेला एखादा म्हातारा किंवा म्हातारी १८५१ पर्यंत जिवंत असेल तर आमचं अर्धं काम झालंच म्हणून समजा. तिथून पुढे, म्हणजे मागे, पॅरिश रजिस्टर.

पॅरिश रजिस्टरमध्ये काय असतं

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत असा हुकूम काढला. सुरुवातीला सुट्या कागदांवर काम चालायचं, मग १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून काढायला सांगितलं, विशेषतः एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या, म्हणून कित्येक गावांची रजिस्टरं १५५८ पासूनच सुरू होतात, आधीचं उतरवायचा कंटाळा केला गेला. त्याच सुमारास दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धत लागली. मूळ रजिस्टर उंदरांनी खाल्लं असलं किंवा ओलीने गेलं असलं तर ही नक्कल वाचवते, आणि मूळ शाबूत असलं तरी आम्ही दोन्ही बघतो, कारण एकात नसलेला तपशील कधीकधी दुसऱ्यात सापडतो.

१६४२ ते १६६० यादवी युद्ध आणि त्यानंतरचा काळ, तिथे बहुतेक गावांत भोकं आहेत. कोणी विकर, म्हणजे गावचा पाद्री, पळाला, कोणाला हाकललं, कुठे वही पुरून ठेवली. तिथे घराणं अडकलं तर आम्ही तुम्हाला तसं सरळ सांगतो.

नोंदी किती बोलतात हे काळावर आहे. १७५४ आधीच्या लग्नाच्या नोंदीत बहुधा दोन नावं आणि तारीख, संपलं. २५ मार्च १७५४ पासून हार्डविकचा कायदा लागू झाला, लग्नाची नोंद ठरलेल्या नमुन्यात यायला लागली, दोघांच्या सह्या किंवा फुल्या, साक्षीदारांच्या सह्या. हे साक्षीदार बघत जा, बऱ्याचदा भाऊबहीणच असतात. १८१३ पासून बाप्तिस्म्याला बापाचा धंदा आणि राहायचं ठिकाण, दफनाला वय. वय आलं की फार फरक पडतो, कारण त्याआधी "जॉनला पुरलं" एवढंच असतं आणि तो जॉन तीन महिन्यांचा की ऐंशी वर्षांचा हे कळायला मार्ग नसतो. यॉर्कशायरचं घराणं असेल तर नशीब जोरात, तिथे साधारण १७७७ ते १८१२ मध्ये विल्यम डेड नावाच्या पाद्र्याच्या पद्धतीने ठेवलेली रजिस्टरं काही गावांत आहेत आणि त्यात बाळाच्या दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावंसुद्धा मिळतात. बाकी इंग्लंडला ही चैन फारशी नाही.

तारखांचं एक लक्षात ठेवा. १७५२ पर्यंत तिकडे नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे रजिस्टरमध्ये ऑक्टोबर १७२५ ला लग्न आणि फेब्रुवारी १७२५ ला पहिलं मूल दिसलं तर लग्नाआधी आठ महिने मूल झालं असं नाही, तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२६ चा. लग्नानंतर चार महिन्यांनी मूल, तेही तिकडच्या खेड्यात काही आक्रीत नव्हतं, व्याह्यांना सांगताना फक्त जरा बेताने सांगा.

१७८३ ते १७९४ प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर होता, त्या काळात गरिबांनी बाप्तिस्मे लांबवलेले दिसतात आणि मग एकाच दिवशी चार भावंडांचा एकत्र बाप्तिस्मा. त्यांना जुळी-तिळी समजू नका.

नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला असं नाही

ही गोष्ट आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो आणि तरी भांडणं इथेच होतात. सफकच्या एखाद्या गावात १७०० च्या आसपास एकाच आडनावाची तीन घरं, तिन्ही घरांत एकेक जॉन, प्रत्येकाच्या बायकोचं नाव मेरी, कारण थोरल्याला आजोबांचं नाव द्यायचं आणि तिघांचे आजोबा एकच. तुम्ही इंटरनेटवर बघता आणि कोणीतरी त्यातला एक जॉन उचलून आपल्या झाडाला चिकटवलेला असतो, मग शंभर जण तेच झाड कॉपी करतात आणि शंभर ठिकाणी दिसतंय म्हणजे खरंच असणार असं वाटायला लागतं. आमचा पहिला प्रश्न असा असतो की हा १७०२ मध्ये बाप्तिस्मा झालेला जॉन १७०३ मध्येच पुरला तर नव्हता ना? दफनाची पानं उलटायला लोकांना कंटाळा येतो, आणि मेलेल्या बाळापासून सहा पिढ्या खाली आलेली झाडं आम्ही पाहिलीत. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची पद्धत होती, म्हणून एकाच आईबापांचे दोन जॉन सहज सापडतात.

हा गुंता रजिस्टरने सुटत नाही. तो सुटतो विलाने.

विल, म्हणजे खरा खजिना

मृत्युपत्रात माणूस स्वतः सांगतो माझा कोण कोण आहे. सुरुवात ठरलेली, देवाच्या नावे आमेन, शरीराने आजारी पण बुद्धी शाबूत. मग आत्मा देवाला, देह गावच्या चर्चच्या आवारात, पॅरिशच्या गरिबांना दहा शिलिंग, आणि मग खरी मजा. बायकोला अमुक खोली, त्यातला पलंग आणि पिसांची गादी, विहिरीवर पाणी भरायचा आणि भट्टीत पाव भाजायचा हक्क, पण ती विधवा राहील तोवरच, दुसरं लग्न केलं तर सगळं धाकट्याकडे. हे वाचलं की त्या घरात सासू-सून कशा राहत असतील हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही.

थोरल्याला एकच शिलिंग असेल तर लगेच बापाने तोडला असं समजू नका. बहुतेक वेळा त्याला लग्नात जमीन आधीच मिळालेली असते, आणि वकिलाने नाव राहून गेलं असं म्हणू नये म्हणून तो शिलिंग घातलेला असतो.

पण आम्ही बापाच्या विलाआधी कोणाचं विल शोधतो माहितीये? बिनलग्नाच्या काकाचं आणि मूलबाळ नसलेल्या विधवा आत्याचं. यांना स्वतःची मुलं नाहीत म्हणून ते भावाची मुलं, बहिणीची मुलं, त्यांच्या लग्न झालेल्या मुली नवऱ्यांच्या नावासकट, सगळ्यांना पाच-पाच, दहा-दहा शिलिंग वाटतात, आणि त्या एका पानावर तिन्ही जॉन वेगवेगळे होऊन समोर उभे राहतात. लग्न झालेल्या बाईला १८८२ च्या कायद्यापर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय विल करता येत नव्हतं, म्हणून बायकांची विलं मिळतात ती मुख्यतः विधवांची आणि अविवाहितांची, पण मिळतात ती सोन्यासारखी.

विलासोबत कधीकधी मालाची यादी पण मिळते, साधारण १७५० पर्यंत, नंतर क्वचित. दोन-तीन शेजारी घरात शिरून खोलीन् खोली मोजायचे. पहिली ओळ बहुतेक अंगावरचे कपडे आणि बटव्यातले पैसे, मग मोठ्या खोलीतलं टेबल आणि बाकं, पितळी किटली, कथलाच्या मिश्रधातूची ताटं, दुभत्याच्या खोलीत चीज दाबायचं यंत्र, बिअरची पिंपं, गोठ्यात गाई, शेतात उभं पीक, आणि शेवटी विसरलेल्या किरकोळ वस्तूंचे काही शिलिंग. यात जमीन आणि घर धरत नाहीत, म्हणून यादी लहान दिसली तर माणूस गरीब होता असं ठरवू नका.

विल सापडतं कुठे

१२ जानेवारी १८५८ पासून सगळी विलं सरकारी प्रोबेटमध्ये, म्हणजे मृत्युपत्रं मंजूर करणाऱ्या सरकारी खात्यात, आणि देशभराची एकच यादी, ते सोपं आहे. त्याआधी हा कारभार चर्चच्या कोर्टांकडे होता आणि कोणत्या कोर्टात हे माणसाची मालमत्ता कुठे होती त्यावर ठरायचं. सफकचंच घ्या. पश्चिमेकडचा असेल तर कागद बरी सेंट एडमंड्सला, पूर्वेकडचा असेल तर इप्सविचला, दोन्हीकडे माल असेल तर नॉरिचच्या बिशपच्या कोर्टात, दोन बिशपांच्या हद्दीत पाच पौंडांपेक्षा जास्त असेल तर कँटरबरीच्या कोर्टात, ज्याची विलं आता लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. आणि हॅडली गाव सफकमध्ये असूनही एसेक्समधल्या बॉकिंगच्या डीनकडे, म्हणजे तिथल्या चर्चच्या अधिकाऱ्याकडे! हे माहीत नसेल तर माणूस इप्सविचला शोधत बसतो आणि विल केलंच नव्हतं असं ठरवून मोकळा होतो.

डेव्हनच्या लोकांना आधीच सांगतो, मे १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात एक्सेटरला ठेवलेली बहुतेक विलं जळाली. १८१२ ते १८५७ मधल्या करासाठी काढलेल्या काही नकला एक्सेटरलाच आहेत आणि आम्ही त्या बघतो, पण त्याआधीचं वचन देत नाही.

१७३३ पर्यंत कोर्टाचे शेरे लॅटिनमध्ये आणि सोळाव्या-सतराव्या शतकातलं अक्षर असं की त्यातला सी आजच्या आरसारखा दिसतो. वाचून, टाइप करून, मराठी किंवा इंग्लिशमध्ये अर्थ लिहून द्यायचं काम आमच्या फीमध्येच येतं.

घराणं गरीब असेल तर

शेतमजुराने विल केलेलं क्वचितच असतं. पण अगदी गरिबांचे कागद कधीकधी छोट्या कारागिरापेक्षा जास्त निघतात, कारण १६६२ च्या कायद्यानंतर गरिबाला पोसायचं कुठल्या पॅरिशने यावर गावागावांत वाद व्हायचे आणि मग त्या माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून कुठे जन्मलास, कुठे नोकरी केलीस, बायको-मुलं कोण, असं सगळं लिहून घ्यायचे. बिनलग्नाच्या मुलाचा बाप कोण तेही, खर्च त्याच्याकडून वसूल करायचा म्हणून. रजिस्टरमध्ये बापाची जागा रिकामी असते आणि या कागदांत नाव असतं.

एखादा मुलगा गावातून एकदम गायब होतो, ना लग्न ना दफन, तेव्हा आम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचे कागद पण बघतो. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मे, लग्नं, दफनांच्या नकला लंडनला जायच्या आणि त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सफकचा पोरगा पुण्यात किंवा खडकीत पुरलेला निघू शकतो.

आम्हाला काय पाठवायचं, पैसे कसे

घरात असलेली सर्टिफिकेटं, बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या तारखा, जुन्या फोटोंच्या मागची अक्षरं, थडग्यांचे फोटो, सगळ्याचे स्कॅन पाठवा, मूळ कागद पोस्टाने पाठवू नका. म्हाताऱ्या सासूबाईंना फोन करून आडनावं विचारून घ्या, चुकीच्या स्पेलिंगसकट चालतील, कारण त्या काळी विकर ऐकू येईल तसं लिहायचे. नवीन सर्टिफिकेटं स्वतः मागवू नका, एकाच नावाच्या चुकीच्या माणसाचं येतं आणि फी फुकट जाते.

फी तासावर आहे, आधी ठरवलेल्या तासांच्या पुढे तुम्हाला विचारल्याशिवाय जात नाही. रेकॉर्ड ऑफिसची कॉपीची फी वेगळी, पावतीसकट. रिपोर्टमध्ये प्रत्येक बापलेकाच्या जोडीसमोर पक्कं, बहुधा किंवा अंदाज असं लिहिलेलं असतं आणि कुठल्या कागदावरून तेही, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. खेड्यातल्या साध्या घराण्याला पक्क्या पुराव्याने १७०० च्या सुमारापर्यंत नेता आलं तर आम्ही काम चांगलं झालं असं धरतो, विलं भरपूर असतील तर १६०० किंवा त्याआधी. राजघराण्याशी नातं जोडून द्या अशी मागणी येते, त्यासाठी जास्त पैसे द्यायची तयारी पण असते. ते काम आम्ही घेत नाही.