भाकरी, कडबा आणि साखरेचा एक सांधा

मराठवाड्यातल्या खळ्यावर ज्वारीची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे: दाणे माणसांच्या कणगीत आणि कडबा बैलांच्या गंजीत. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागे रसायनशास्त्र असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही. दाण्यातला स्टार्च आणि कडब्यातले सेल्युलोज हे दोन्ही महारेणू ग्लुकोज या एकाच साखरेचे असंख्य रेणू एकापुढे एक गुंफून तयार झालेले असतात. तरीही माणसाचे पोट भाकरीने भरते आणि कडब्याने भरत नाही, ते केवळ सांधा कोणत्या बाजूने जुळला आहे एवढ्या फरकामुळे.

स्टार्चमध्ये ग्लुकोजचे सगळे रेणू एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असल्याने साखळी मळसूत्रासारखी वळत जाते. सेल्युलोजमध्ये एकाआड एक रेणू पालथा असतो. त्यामुळे साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना घट्ट बिलगते आणि त्यांचे दोरखंडासारखे जुडगे बनतात. ज्वारीचे पुरुषभर उंचीचे ताट वाऱ्यात उभे राहते, ते बऱ्याच अंशी या जुडग्यांच्या बळावर.

हे सांधे सोडवण्याचे काम विकरे, म्हणजेच एन्झाइम, करतात. बहुतेक विकरे ही प्रथिने असून प्रत्येकाच्या घडीत एक खाच असते आणि तिच्यात ठरावीक आकाराचाच रेणू बसतो. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1894 मध्ये यासाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली. ती शाळेत शिकवायला सोयीची असली, तरी खाच रेणूला भेटताना स्वतःही थोडी वळते, हे तिच्यातून कळत नाही. विकर हे प्रथिन असू शकते याचा पहिला भक्कम पुरावा 1926 मध्ये जेम्स समनर यांनी अबईच्या जातकुळीतल्या शेंगांच्या बियांमधून युरिएजचे स्फटिक मिळवून दिला. कापसाला टाकलेल्या युरियाचे जमिनीत अमोनियात रूपांतर करणारे विकरही युरिएजच.

आपल्या लाळेत अमायलेज हे विकर असते आणि त्याची खाच स्टार्चच्या सांध्याला जुळते. भाकरीचा घास न गिळता काही मिनिटे चावत राहिल्यास तो गोडसर लागू लागतो, कारण स्टार्चचे माल्टोज या साखरेत विघटन सुरू झालेले असते. कोरड्या पिठात मात्र स्टार्चचे कण घट्ट बांधलेले असतात आणि अमायलेजला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिकटपणा देणारे प्रथिन, नसल्याने आपल्याकडे पीठ गरम पाण्यात मळतात. त्या उष्णतेने कण फुगतात, पीठ चिकट होऊन भाकरी थापता येते, आणि पुढे तव्यावर भाजली गेल्यावर विकरासाठीही वाट मोकळी होते.

सेल्युलोजचा सांधा सोडवणारे सेल्युलेज माणसाच्या शरीरात तयार होत नाही, आणि बैलाच्याही नाही. बैलाच्या कोटीपोटात, म्हणजे जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, राहणारे सूक्ष्मजीव ते तयार करतात, सुटलेले ग्लुकोज आंबवून स्वतः वाढतात आणि त्यातून निघणारी आम्ले बैलाला ऊर्जा म्हणून मिळतात. बैल कडबा खातो असे आपण म्हणतो खरे. पण तो पचवणारे दुसरेच कोणी असतात.

या भाडेकरूंची एक किंमतही असते. ज्वारीच्या कोवळ्या रोपांत, विशेषतः पावसाने ताण दिल्यावर, धुरिन नावाचे संयुग भरपूर असते. हा एक विषारी गाभा असून त्याला ग्लुकोजचा एक रेणू सेल्युलोजसारख्याच धाटणीच्या सांध्याने जोडलेला असतो. अख्ख्या पानात धुरिन आणि त्याला तोडणारे विकर वेगवेगळ्या पेशींत राहत असल्याने धोका नसतो. जनावराने पान चावले की दोघांची गाठ पडते, ग्लुकोज सुटते आणि उरलेल्या भागातून हायड्रोजन सायनाइड बाहेर पडते. कोटीपोटातले सूक्ष्मजीवही हा सांधा सोडवू शकतात आणि विषनिर्मितीला हातभार लावतात. ज्या कसबामुळे बैल कडब्यावर जगतो, तेच इथे त्याच्या मुळावर येते. पीक पक्व होत जाते तसे धुरिनचे प्रमाण घटते आणि नीट वाळवलेल्या कडब्यात धोका बराच कमी होतो, म्हणून दुबार फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांत जनावरे सोडू नयेत.

सायनाइड पेशींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराची खाच अडवते. रक्तात प्राणवायू भरपूर असूनही पेशींना तो वापरता येत नाही, म्हणूनच अशा जनावराचे रक्त गडद न दिसता लालभडक दिसते. पशुवैद्य शिरेतून सोडियम थायोसल्फेट देतात, तेव्हा ते औषध सायनाइडला स्वतः निकामी करत नाही. ते फक्त गंधक पुरवते, आणि तो गंधक सायनाइडला जोडून त्याचे कमी विषारी थायोसायनेट बनवण्याचे काम जनावराच्या यकृतातले ऱ्होडानेज हे विकर करते.