रक्त वाढवणारं इंजेक्शन कुठून आलं?

नागपुरात ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत हिमोग्लोबिन ७ वर आलेले दोन पेशंट शेजारशेजारी असणं नवलाचं नाही. एकाची किडनी निकामी झालेली, दुसऱ्याला विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आजार. रिपोर्टवरचा आकडा सारखाच, पण रक्त वाढवायला सांगणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या हार्मोनचं प्रमाण बहुधा उलट: पहिल्यात गरजेपेक्षा फार कमी, दुसऱ्यात वाढलेलं. डायलिसिसवाल्यांना हेच हार्मोन ‘ईपीओ’चं इंजेक्शन म्हणून ठाऊक आहे.

शोधाची सुरुवात डोंगरावर झाली. फ्रान्स्वा-जिल्बेर व्हियो हा फ्रेंच डॉक्टर पेरूतल्या मोरोकोचाला, साधारण ४,५०० मीटर उंचीवर गेला आणि तिथे त्याने रक्तपेशी मोजल्या. दर घन मिलिमीटरमागे ५० लाख असलेल्या त्याच्या स्वतःच्या लाल पेशी तीन-साडेतीन आठवड्यांत ८० लाखांच्या घरात गेल्या. हे निष्कर्ष १८९० मध्ये छापून आले. विरळ हवेत शरीर रक्त वाढवतं हे कळलं, पण रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांतल्या मगजाला, निरोप कोण देतं हे कळलं नाही.

१९०६ मध्ये पॅरिसच्या पॉल कार्नो आणि क्लोटिल्ड दफ्लांद्र यांनी रक्तस्राव केलेल्या सशांचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) निरोगी सशांना टोचलं आणि लाल पेशी वाढल्याचं सांगितलं. इतरांना तो प्रयोग जमेना, त्यामुळे कल्पना जवळजवळ टाकून दिली गेली. कल्पना बरोबर होती, पण हार्मोन रक्तात इतकं सूक्ष्म असतं की थोड्याशा सीरममध्ये ते हाती लागणं अवघडच. १९५० मध्ये कुर्ट राइसमान यांनी दोन उंदीर रक्त एकमेकांत जाईल असे जोडून एकालाच कमी ऑक्सिजन दिला, तर मज्जा दोघांचीही कामाला लागली. १९५३ मध्ये ॲलन अर्स्लेव्ह यांनी रक्तस्राव केलेल्या सशांचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, निरोगी सशांना भरपूर प्रमाणात दिला आणि वाद मिटला.

हार्मोन बनतं कुठे, याचं उत्तर १९५७ मध्ये शिकागोत लिऑन जेकबसन आणि युजिन गोल्डवॉसर यांच्या गटाला सापडलं. उंदरांचा एकेक अवयव काढून पाहिला. किडन्या काढल्यावरच ईपीओ वाढेनासं झालं. लघवी गाळणारा अवयव रक्ताचं कामही पाहतो, हे तेव्हा धक्कादायकच वाटलं असणार.

पुढची वीस वर्षं शुद्ध हार्मोन मिळवण्यात गेली, आणि मला या कथेतला हाच भाग सर्वांत आवडतो. जपानच्या कुमामोतोतल्या ताकाजी मियाके यांनी ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांची तब्बल २,५५० लिटर लघवी गोळा केली. अशा रुग्णांची मज्जा ऐकत नसते, म्हणून किडनी हार्मोन सोडतच राहते आणि ते लघवीत उतरतं. ती लघवी वाळवून मियाके शिकागोला घेऊन गेले आणि १९७७ मध्ये काही मिलिग्रॅम शुद्ध हार्मोन हाती आलं. १९८३ मध्ये अमेरिकेत फू-कुएन लिन यांनी त्याचं जनुक वेगळं केलं, १९८९ मध्ये त्यापासून बनवलेल्या औषधाला मंजुरी मिळाली. सायकलपटूंनी त्याचा लवकरच गैरवापर सुरू केला, तो वेगळाच विषय.

ईपीओ मज्जेतल्या कोवळ्या पेशींना जगवतं. ते नसेल तर त्या वाढण्याआधीच मरतात. पण हिमोग्लोबिन घडायला लोह लागतंच, म्हणून शरीरात लोह नसेल तर इंजेक्शन वाया जातं. सिकलसेलमध्ये अडचण निराळी. पेशी १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच फुटतात, हार्मोन आधीच ओरडत असतं. मात्र सिकलसेलने पुढे किडनीच खराब केली, तर तिथेही ईपीओ अपुरं पडतं आणि हिशोब बदलतो.

ऑक्सिजन कमी झाल्याचं पेशींना कळतं कसं, या कामासाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन या शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं. ऑक्सिजन पुरेसा असताना एचआयएफ नावाचं प्रथिन लगेच नष्ट होतं. कमी पडला की ते टिकतं आणि ईपीओचं जनुक चालू करतं. हे नष्ट होणं रोखणारी डेसिड्युस्टॅट ही गोळी भारतात २०२२ मध्ये मंजूर झाली. इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं; मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरातून गडचिरोलीपर्यंत बर्फाच्या पिशवीत ते नेणाऱ्याला गोळीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.