छोट्या बोर्डवरचे जुने खेळ : रेट्रो गेमिंगची पार्श्वभूमी

रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या सिंगल बोर्ड कॉम्प्युटरवर जुने व्हिडिओ गेम खेळण्याची व्यवस्था उभी करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. रेट्रोपाय, रेकलबॉक्स, लाक्का किंवा बाटोसेरा यांपैकी एखादी तयार इमेज (सगळे सॉफ्टवेअर एकत्र बांधलेली फाइल) मेमरी कार्डवर उतरवायची, कार्ड बोर्डमध्ये घालून बोर्ड टीव्हीला जोडायचा, पडद्यावर विचारले जाईल त्या क्रमाने कंट्रोलरची बटणे दाबायची आणि गेमच्या फाइली ज्या त्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, एवढ्यावर काम भागते. ही सोय बोर्डमुळे झाली असे सर्रास मानले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. बोर्ड बाजारात आला २०१२ मध्ये. त्यावर चालणारे बरेचसे सॉफ्टवेअर त्याआधीच, वेगळ्या यंत्रांसाठी आणि वेगळ्या हेतूंनी लिहिले गेले होते. नव्याने मांडणी करणाऱ्याला ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या जुन्या इतिहासातूनच आलेल्या असतात.

हा इतिहास एका स्वस्त प्रोसेसरपासून सुरू करणे योग्य ठरेल. १९७५ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीने ६५०२ हा आठ बिटांचा प्रोसेसर २५ डॉलरला विकायला काढला, तेव्हा त्याच्या तोडीचे प्रोसेसर कित्येक पट महाग होते. १९७७ च्या अटारी २६०० या घरगुती गेमयंत्रात याच प्रोसेसरची छाटलेली आवृत्ती होती. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्तेन्दोच्या फॅमिकॉम (जपानबाहेर एनईएस) या गेमयंत्रातील रिको कंपनीची चिपही ६५०२ वरच बेतलेली होती, आणि १९८१ मध्ये ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीने तयार केलेल्या बीबीसी मायक्रो या शालेय संगणकातही हाच प्रोसेसर होता.

या यंत्रांची साधनसामग्री किती तुटपुंजी होती हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. अटारी २६०० मध्ये फक्त १२८ बाइट रॅम होती. पडद्यावरचे संपूर्ण चित्र साठवायला जागाच नसल्यामुळे टीव्हीची किरणशलाका एकेक ओळ रेखाटत असतानाच त्या ओळीत काय दिसावे हे प्रोग्रामला चिपला सांगावे लागे, आणि ते सांगायला जरा उशीर झाला तरी चित्र बिघडे. फॅमिकॉमची परिस्थिती थोडी बरी होती, तरी तिथेही कामाची रॅम अवघी २ किलोबाइट होती आणि पुढच्या काळात अनेक कार्ट्रिजमध्ये (गेम साठवलेल्या, यंत्रात खोचायच्या डब्यांमध्ये) जादा चिप बसवून यंत्राच्या मर्यादा ताणल्या गेल्या. म्हणजे त्या काळचा गेम हा यंत्रापासून वेगळा काढता येईल असा प्रोग्राम नव्हताच. यंत्राचा वेग, त्याच्या खोडी आणि त्याच्या उणिवा हा गेमचाच भाग होता. तैतो कंपनीच्या १९७८ मधील स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रूंच्या ५५ आकृत्या असतात आणि दर चित्रचौकटीला त्यांपैकी एकच आकृती सरकते. साहजिकच सगळ्या जिवंत असताना संपूर्ण फळी एक पाऊल पुढे जायला जवळजवळ एक सेकंद लागतो आणि मोजक्या उरल्या की त्या सुसाट धावू लागतात. खेळणाऱ्याच्या छातीत धडकी भरवणारा हा वाढता वेग यंत्राच्या मर्यादेतून जन्माला आला होता. अशा गेमची नक्कल करायची, तर आज्ञा आणि चित्रे पुरेशी पडत नाहीत. मूळ यंत्राच्या वेळेचे गणितही जसेच्या तसे उतरवावे लागते.

एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे सोंग घ्यावे ही कल्पना व्हिडिओ गेमपेक्षा जुनी आहे. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा ग्राहकांचे १४०१ सारख्या जुन्या संगणकांसाठी लिहिलेले प्रोग्राम वाया जाऊ नयेत म्हणून नव्या यंत्रांत जुन्या यंत्राचे अनुकरण करण्याची सोय दिली होती. घरगुती संगणकावर गेमच्या कन्सोलचे अनुकरण करण्याइतका जोर मात्र नव्वदच्या दशकात आला. १९९६ मधील आय-नेस या एम्युलेटरने, म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग घेणाऱ्या प्रोग्रामने, फॅमिकॉमच्या गेमची फाइल कशी असावी याचा जो आराखडा ठरवला, तो आजही सर्वत्र चालतो. फाइलच्या सुरुवातीच्या १६ बाइटमध्ये त्या कार्ट्रिजमध्ये कोणत्या प्रकारची जोडणी होती ते नोंदवलेले असते, आणि ती नोंद चुकली की गेम सुरूच होत नाही. १९९७ हे साल या क्षेत्रात विशेष महत्त्वाचे ठरले. त्याच वर्षी फॅमिकॉमसाठीचा नेस्टिकल आला, सुपर निन्तेन्दो या पुढच्या कन्सोलसाठीचा झेडएसएनईएस आला, आणि फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया यांनी आर्केड यंत्रांसाठीच्या (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठीच्या) मेम या एम्युलेटरची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली.

मेमचा हेतू इतरांपेक्षा निराळा होता आणि तो समजून घेण्याजोगा आहे. आर्केड यंत्रांतील रॉम चिप, म्हणजे गेम साठवलेल्या चिप, कालांतराने निकामी होतात, सर्किट बोर्ड भंगारात जातात. ते नष्ट होण्यापूर्वी त्यांची रचना सॉफ्टवेअरच्या रूपात नोंदवून ठेवावी, हे मेमचे घोषित ध्येय आहे आणि गेम खेळता येणे हा त्याचा आनुषंगिक लाभ मानला जातो. या ध्येयामुळे मेमने वेगापेक्षा अचूकतेला प्राधान्य दिले आणि एखाद्या यंत्राची चिप अधिक चांगल्या रीतीने वाचली गेली, की नव्या आवृत्तीत जुनी फाइल बाद ठरू लागली. छोट्या बोर्डवर आर्केड गेम बसवताना बहुतेक नवख्यांना जी डोकेदुखी होते तिचे मूळ इथे आहे. मेमच्या ताज्या आवृत्त्या लहान प्रोसेसरला जड जात असल्यामुळे बोर्डसाठी जुन्याच आवृत्त्या वापरात राहिल्या: मेम-फोर-ऑल हा २००० सालच्या ०.३७बी५ वर आधारलेला, तर मेम २००३ हा ०.७८ वर. ज्या आवृत्तीचा एम्युलेटर, त्याच आवृत्तीचा रॉम संच (चिपमधून उतरवलेल्या गेमच्या फाइली) हवा. हे ठाऊक नसलेला माणूस फाइल खराब आहे असे समजून तीच तीच फाइल पुन्हा पुन्हा शोधत बसतो.

वेग की अचूकता हा वाद कन्सोलच्या एम्युलेटरांतही होता आणि त्याने कोणता प्रकल्प छोट्या बोर्डापर्यंत पोहोचणार हेही ठरवले. झेडएसएनईएस हा इंटेलच्या प्रोसेसरसाठी मोठ्या प्रमाणावर असेंब्ली भाषेत, म्हणजे थेट त्या प्रोसेसरच्या आज्ञांत, लिहिलेला असल्यामुळे नव्वदच्या दशकातील साध्या पीसीवरही तो झपाट्याने चाले; पण तेच त्याचे बंधन झाले, कारण इंटेलसाठीची असेंब्ली छोट्या बोर्डवरच्या एआरएम प्रोसेसरला उपयोगाची नाही. त्याचा समकालीन स्नेस-नाइन-एक्स मुख्यतः सी++ या एका प्रोसेसरला न बांधलेल्या भाषेत लिहिलेला होता, त्यामुळे तो दुसऱ्या प्रोसेसरवर नेता आला आणि आज रेट्रोपायमध्ये त्याचेच वेगवेगळे अवतार आढळतात. एके काळी ज्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते तो एम्युलेटर मागे पडला आणि दुसरा टिकला, यामागे गुणवत्तेइतकाच भाषेच्या निवडीचा वाटा आहे, असे मला वाटते.

एआरएमची कुळकथा पुन्हा ६५०२ कडेच जाते. बीबीसी मायक्रोनंतरच्या संगणकासाठी एकॉर्नला बाजारातला कोणताही सोळा बिटांचा प्रोसेसर पसंत पडेना, तेव्हा सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःच प्रोसेसरची रचना केली. ६५०२ चा साधेपणा आणि त्याची चपळता त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पहिली एआरएम चिप १९८५ च्या एप्रिलमध्ये चालू झाली. तिला वीज अतिशय कमी लागे, आणि याच गुणामुळे पुढे मोबाइल फोनांत एआरएमचे राज्य आले. १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून एआरएमची स्वतंत्र कंपनी स्थापन केली.

फोनांच्या बरोबरीने एआरएमवर चालणारी हातातली गेमयंत्रेही निघाली आणि रेट्रो गेमिंगच्या इतिहासातील हा सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. दक्षिण कोरियात २००१ मध्ये जीपी३२ आणि २००५ मध्ये जीपी२एक्स ही यंत्रे आली. त्यांवर कोणीही स्वतःचा प्रोग्राम चालवू शकत असे, आणि बहुतेकांनी त्यांचा उपयोग एम्युलेटरसाठीच केला. नंतर २०१० मध्ये पॅन्डोरा हे हातात मावणारे लिनक्स यंत्र आले. प्लेस्टेशनचा मूळ प्रोसेसर एका प्रकारचा, पॅन्डोराचा दुसऱ्या प्रकारचा. प्रत्येक आज्ञेचा अर्थ लावत बसले तर गेम रखडतो. म्हणून मूळ आज्ञांचा एक तुकडा घेऊन तो चालू असतानाच एआरएमच्या आज्ञांत बदलायचा, जपून ठेवायचा आणि पुन्हा गरज पडली की तोच वापरायचा, ही युक्ती एआरएमसाठी घोटून तयार करण्यात आली. पॅन्डोरासाठी सुरू झालेला पीसीएसएक्स रीआर्म्ड हा एम्युलेटर याच परिश्रमांचे फळ आहे. रास्पबेरी पाय बाजारात आला तेव्हा त्याच्या प्रोसेसरला समजेल अशा भाषेत हे काम पुष्कळसे पुरे झालेले होते.

रास्पबेरी पायचा स्वतःचा उद्देश गेमचा नव्हता. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या अर्जदारांची संख्या आणि प्रोग्रामिंगचा पूर्वानुभव दोन्ही घटत चालल्याचे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसत होते. बीबीसी मायक्रोने एका पिढीला प्रोग्रामिंगची गोडी लावली होती, तसे काहीतरी स्वस्तात उपलब्ध व्हावे या विचारातून रास्पबेरी पाय फाउंडेशन उभे राहिले. मॉडेल ए आणि मॉडेल बी ही नावे बीबीसी मायक्रोच्या आठवणीतून आली. बीबीसी मायक्रोवर १९८४ मध्ये गाजलेल्या एलिट या गेमचे एक निर्माते डेव्हिड ब्रेबेन हेही संस्थापकांत होते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मॉडेल बी ३५ डॉलरला विक्रीस आला. मॉडेल ए ची जाहीर किंमत होती २५ डॉलर, म्हणजे १९७५ साली एकट्या ६५०२ साठी मोजावी लागे तेवढीच. ७०० मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट रॅम एवढाच त्या पहिल्या बोर्डचा ऐवज होता. शिवाय तो प्रोसेसर जुन्या पिढीचा असल्यामुळे डेबियन लिनक्सची वेगवान आवृत्ती त्यावर चालत नव्हती, म्हणून काही स्वयंसेवकांनी हजारो पॅकेजे या बोर्डसाठी नव्याने कंपाइल करून (प्रोसेसरच्या आज्ञांत उतरवून) रास्पबियन तयार केले.

रेट्रोपायचा आरंभही २०१२ मधलाच. वेगवेगळे एम्युलेटर उतरवणे, कंपाइल करणे आणि जागेवर बसवणे ही खटपट आपोआप व्हावी यासाठीच्या स्क्रिप्टमधून तो वाढला. त्याला दोन गोष्टींची जोड मिळाली. इम्युलेशन स्टेशन या मेनू दाखवणाऱ्या प्रोग्राममुळे कीबोर्ड किंवा माउस न वापरता, केवळ कंट्रोलरने, गेमची यादी चाळता येऊ लागली. दुसरी गोष्ट अधिक मोलाची होती. पूर्वी प्रत्येक एम्युलेटरची बटणांची मांडणी, आवाजाची रचना आणि गेम मधेच साठवण्याची पद्धत वेगवेगळी असे, त्यामुळे दहा एम्युलेटर म्हणजे दहा वेळा तीच जुळवाजुळव. लिब्रेट्रो या रचनेने एम्युलेटरचा गाभा बाजूला काढला आणि चित्र, आवाज व कंट्रोलर सांभाळण्याचे काम रेट्रोआर्क या एकाच प्रोग्रामकडे दिले. कंट्रोलर एकदा ओळखून घेतला की तो रेट्रोआर्कखालच्या सगळ्या कन्सोलना चालतो आणि सिलेक्ट व स्टार्ट ही बटणे एकत्र दाबली की गेममधून बाहेर पडता येते, ही आज गृहीत धरली जाणारी सोय त्यातूनच मिळाली. फाइली चढवण्याची रीतही अशीच सुटसुटीत केली गेली: पेन ड्राइव्हवर रेट्रोपाय नावाचे रिकामे फोल्डर करून तो बोर्डला लावायचा, दिवा लुकलुकायचा थांबला की काढायचा, म्हणजे प्रत्येक कन्सोलच्या नावाचे फोल्डर त्यात तयार झालेले दिसते.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येते. २०१५ च्या पाय २ मध्ये चार गाभ्यांचा प्रोसेसर आणि १ गिगाबाइट रॅम आली, २०१६ च्या पाय ३ मध्ये वायफाय आणि ब्लूटूथ आल्याने बिनतारी कंट्रोलर अंगभूत झाले, आणि २०१९ च्या पाय ४ ने वेगात मोठी झेप घेतली. तरीही निन्तेन्दो ६४ या कन्सोलचे अनेक गेम पाय ३ वर अडखळत, कारण त्या यंत्राची ग्राफिक्स चिप अनुकरणाला अतिशय किचकट आहे.

दोन बाबतींत मात्र हे बोर्ड जुन्या कन्सोलची बरोबरी सहज करू शकत नाहीत. कार्ट्रिजच्या कन्सोलमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती, त्यामुळे खेळून झाले की सरळ बटण बंद करत. बोर्डवर मागे लिनक्स चालू असते आणि वीज एकदम तोडली तर मेमरी कार्डवरच्या फाइली बिघडू शकतात. दुसरे म्हणजे, जुना काचेचा टीव्ही सिग्नल येईल तसतशी ओळ रेखाटत असे, तर आजचा सपाट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून मग दाखवतो, आणि बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंतचा विलंब सरावलेल्या हाताला लगेच खटकतो. टीव्हीचा गेम मोड चालू केल्याने तो कमी होतो. २०१८ मध्ये रेट्रोआर्कने पुढच्या चौकटी आधीच मोजून ठेवण्याची सोय दिली, पण तिच्यासाठी प्रोसेसरमध्ये तेवढी ताकद शिल्लक असावी लागते.

तयार इमेजमध्ये व्यापारी गेम का नसतात, हे कायद्याच्या इतिहासावरून समजते. सोनीने प्लेस्टेशनचे एम्युलेटर विकणाऱ्या कनेक्टिक्स आणि ब्लीम या कंपन्यांवर १९९९ मध्ये दावे लावले. कनेक्टिक्सच्या प्रकरणात अमेरिकेतील नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००० मध्ये असा निर्णय दिला की, एम्युलेटर तयार करण्याच्या ओघात सोनीच्या बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) प्रत करून तिचा अभ्यास करणे हा योग्य वापर (परवानगीशिवायही चालणारा वापर) ठरतो. एम्युलेटर लिहिणाऱ्यांना त्यामुळे आधार मिळाला. गेमवरचा स्वामित्वहक्क मात्र अबाधित राहिला, आणि निन्तेन्दोने २०१८ मध्ये रॉम वाटणाऱ्या संकेतस्थळांवर कारवाई केल्यावर अनेक जुने साठे बंद झाले. याची दुसरी बाजूही गंभीर आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत प्रकाशित झालेल्या अभिजात गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. जे विकतच मिळत नाही ते कायद्याने खेळायचे कसे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अजून कोणत्याही हक्कधारकाने दिलेले नाही आणि असे गेम जपून उपलब्ध ठेवू द्यावेत, ही जतनाचे काम करणाऱ्यांची मागणी मला रास्त वाटते.

हक्कधारक कंपन्यांनीही शेवटी छोट्या यंत्रावर एम्युलेटर चालवण्याचाच मार्ग धरला. निन्तेन्दोने २०१६ मध्ये ३० गेम असलेले छोटे एनईएस क्लासिक बाजारात आणले. त्यात एआरएम प्रोसेसर, लिनक्स आणि एम्युलेटर हीच त्रयी होती. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशन क्लासिक आणले, तेव्हा आतला एम्युलेटर म्हणून मुक्त परवान्याचा पीसीएसएक्स रीआर्म्ड वापरला होता. पॅन्डोरासाठी स्वयंसेवकांनी सुरू केलेला आणि रेट्रोपायवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा तो हाच एम्युलेटर.