निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू : कुटुंबीयांचे हक्क

दुसऱ्याच्या हयगयीमुळे एखादी व्यक्ती दगावल्यास तिच्या कुटुंबीयांना दिवाणी मार्गाने भरपाई मागण्याचा अधिकार. भारतात त्याचा पाया १८५५ च्या तेराव्या अधिनियमाने, म्हणजे प्राणघातक अपघातांविषयीच्या कायद्याने घातला. फौजदारी खटल्यात आरोपी निर्दोष सुटला, एवढ्यावरून हा दावा बुडत नाही.

यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, कारण इंग्लंडच्या रूढ विधीत, म्हणजे न्यायनिर्णयांतून घडलेल्या कायद्यात, असा अधिकार नसल्याचे मानले जाई. १८०८ मध्ये घोडागाडी उलटून जखमी झालेली एक स्त्री सुमारे महिन्याभराने वारली. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी तिच्या पतीला तिच्या मृत्यूपर्यंतच्या काळापुरतीच भरपाई मान्य केली. माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानी नव्हे, असे त्यांनी सांगितले. या नियमाचे मूळ वादग्रस्त आहे. वैयक्तिक दावा व्यक्तीबरोबरच संपतो, या लॅटिन सूत्राशी तो पुष्कळदा जोडला जातो. परंतु ते सूत्र मृताच्या स्वतःच्या दाव्याविषयी आहे, पतीला झालेल्या हानीविषयी नाही. विधी-इतिहासकार होल्ड्सवर्थ यांच्या मते, मृत्यू घडवणे हा महापराध (गंभीर फौजदारी गुन्हा) असल्याने दिवाणी दावा त्यात विलीन होतो, या जुन्या तत्त्वाचा येथे चुकीचा विस्तार झाला. हे मत अधिक पटण्याजोगे आहे. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, १९१७ मध्ये हा नियम कायम ठेवला.

त्याला मुरड घालणारा लॉर्ड कॅम्पबेल यांचा कायदा इंग्लंडमध्ये १८४६ साली झाला आणि १८५५ चा भारतीय कायदा बहुतांशी त्याच्याच धर्तीवर आहे. बोरीबंदर-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाल्याने त्याचा संबंध कधीकधी रेल्वेशी लावला जातो. तो इंग्लंडमधील कायद्याचे अनुकरण म्हणून आला, असे मानणे अधिक सुरक्षित.

या कायद्याखाली पती किंवा पत्नी, आईवडील व मुले यांच्यासाठी दावा लावता येतो. आजी-आजोबा, नातवंडे आणि सावत्र मुले यांचाही त्यात समावेश होतो. भावंडांचा उल्लेख मात्र नाही. ज्या घरात थोरला भाऊच कर्ता असतो, तेथे ही उणीव फार जाचक ठरते. मोटार अपघातांपुरती ती सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये, भावालाही वैध प्रतिनिधी मानून, दूर केली. आश्रितांचे आर्थिक नुकसान आणि मृताच्या संपदेचे नुकसान हे दोन वेगळे दावे असले, तरी ते एकाच वादात मांडता येतात. मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची आहे.

वैद्यकीय हयगयीची दोन प्रकरणे महाराष्ट्रातील आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर मे १९५३ मध्ये मांडीचे हाड मोडलेल्या विशीतल्या तरुणाला उपचारांसाठी टॅक्सीने पुण्याला नेले. तेथे दुसऱ्याच दिवशी तो दगावला. आईवडिलांना मिळालेली ३,००० रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये कायम केली. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेत एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. शासनावर ३६,००० रुपयांची जबाबदारी १९९६ मध्ये अखेर निश्चित झाली. म्हणजे तेहेतीस वर्षे गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयानंतर, सर्वांनाच मोफत सेवा देणारी रुग्णालये वगळता, इतर रुग्णालयांविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाण्याची वाट खुली झाली.

भरपाईची रक्कम ठरवण्याची पद्धत मुख्यतः मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांमुळे घडली. मृताच्या उत्पन्नातून त्याचा वैयक्तिक खर्च वजा करून, वार्षिक बाकीस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निर्णयाप्रमाणे हा गुणक १५ ते २५ या वयात १८, तर ३१ ते ३५ या वयात १६ आहे. दोन-तीन आश्रित असलेल्या विवाहिताचा खर्च एकतृतीयांश धरतात, अविवाहिताचा बहुधा निम्मा. सहवास गमावल्याबद्दल ४०,००० आणि अंत्यविधीसाठी १५,००० रुपये २०१७ मध्ये ठरले. गृहिणीच्या श्रमांचे मोल २००१ मध्ये जमशेदपूरच्या अग्निकांडाच्या प्रकरणात दरमहा ३,००० रुपये धरले गेले. पहाटेपासून राबणाऱ्या बाईसाठी तो आकडा तेव्हाही अपुराच होता. न्यायाधिकरणाकडील अर्जाला २०१९ च्या सुधारणेने सहा महिन्यांची मुदत घातली.